हाताने बनवलेली मातीची भांडी तुम्ही वापरता की शोकेसमध्ये ठेवता?

चिखलवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबलंय, आधीच सांगते.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात असते, माहेर पेडण्याचं. सासरच्या घरामागे जुना गोठा होता, म्हशी गेल्या आणि गोठा उरला, त्यात सहा वर्षांपूर्वी चाक टाकलं आणि नंतर कर्ज काढून इलेक्ट्रिक भट्टी घेतली. कप, वाट्या, ताटल्या, पेज प्यायचे बोल, लोणच्याच्या बरण्या, बस एवढंच बनवते. फुलदाण्या नाहीत, बुद्धाचं डोकं नाही, भिंतीवर लावायची मासोळी नाही. जे रोज विसळलं जाईल तेच बनवायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

तर झालं काय, यंदा चवथीला एका ओळखीच्या वहिनींकडे गेले. हॉलमध्ये शोकेस, त्यात वरच्या काचेच्या फळीवर माझे सहा कप, दोन वर्षांपूर्वी नेलेले. मी बुडाला किमतीचा छोटा स्टिकर लावते तोसुद्धा तसाच, खालून काचेतून दिसत होता. एका बाजूला लेकाची कॅरमची ट्रॉफी, दुसऱ्या बाजूला कुणीतरी दुबईहून आणलेला काचेचा उंट. आणि मला चहा आला स्टीलच्या पेल्यातून, इतका गरम की ओढणीने धरून प्यायले. म्हटलं वहिनी, कप आहेत ना हे एवढे. तर म्हणतात, "फुटलें जाल्यार?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मग वाटलं दोष थोडा माझाही आहे, कारण पहिली दोन वर्षं मी पण इन्स्टावर बघूनच बनवत होते. सपाट ताटली, रुंद बाहेर पसरलेली कड, मधे चार पानं आणि एक चेरी टोमॅटो ठेवला की फोटो मस्त येतो. त्यातली एक सासूबाईंना जेवायला दिली. उकड्या तांदळाचं शीत, वर बांगड्याचं हुमण. त्यांनी कालवायला सुरुवात केली आणि हुमण धावलं कडेकडे, शीत बोटांनी गोळा करायला गेल्या तर अडवायला काहीच नाही, अर्धं टेबलावर. दोन घास खाल्ले, उठल्या, स्टीलचं ताट आणलं, सगळं त्यात ओतलं आणि म्हणाल्या, "बरें दिसता गो, पूण जेवपाक जमना."

त्या रात्री मी ते स्टीलचं ताट समोर घेऊन बसले. आयुष्यभर त्यात जेवलेय पण कधी नीट बघितलं नव्हतं. कड जवळजवळ सरळ उभी, दोनेक सेंटीमीटर. आपण हाताने जेवतो तेव्हा घास त्या कडेला टेकवून वळतो, ती कड म्हणजे आपला दुसरा हात. काटा-चमच्याने खाणाऱ्याला ती लागत नाही. शिवाय तळ आणि कड जिथे मिळतात तिथे काटकोन असला तर शितं अडकून बसतात, आणि वळण फार मोठं घेतलं तर ताटली न राहता बोल होतो. म्हणजे ते वळण बोटाच्या पेराएवढं हवं. मी अक्षरशः स्वतःचं पेर टेकवून बघत बघत रिब (चाकावर आकार द्यायचं लाकडी पातं) तासून घेतली. अकरावी ताटली सासूबाईंनी काही न बोलता वापरली, तेव्हापासून तोच आकार चालू आहे.

वजनाचं वेगळंच गणित. ओली माती १ किलो २०० ग्रॅम घेतली की तासून, वाळून, भाजून साधारण ८०० ग्रॅमची ताटली हातात येते. त्याहून जड केली की धुणारी बाई शिव्या घालते, हलकी करायला गेलं तर भट्टीत वाकते. आणि माती आटते, माझी जवळजवळ १२ टक्के आटते, म्हणजे चाकावर २६ सेंटीमीटरची केलेली हातात येताना २३ची होते. पहिल्या वर्षी मी हे विसरून चहाचे कप केले, निघाले औषधाचे.

तर प्रश्न एवढाच की तुमच्या घरी असली भांडी आहेत का, असतील तर रोज वापरता का, नसाल वापरत तर का नाही. खरं सांगा, मनाला लावून घेणार नाही. (घेईन थोडं.)

अर्धाकप

खरं सांगू? किंमत. ४५०चा कप असला की उचलताना हात थरथरतो आणि थरथरला की फुटतो. आमच्याकडे दोन होते, एक असाच गेला, दुसरा शोकेसमध्ये. तुमच्या वहिनींच्या बाजूने मत.

टवाळ_१९

बाजारात १२० रुपयाला कप मिळतो, एकसारखा, पांढराशुभ्र, फुटला तर फुटला. हाताने बनवलाय म्हणून चहा गोड लागतो काय? हलकं घ्या.

पोफळी

@टवाळ, चहा नाही गोड लागत पण कान नीट धरता येतो. त्या १२०वाल्याच्या कानात माझं एकच बोट जातं, चटका बसतो तो वेगळा. धागा आवडला, वाचनखूण साठवलीय.

सांजवात

ताई, ताटलीच्या कडेचं वाचून मी उठून स्वयंपाकघरात जाऊन ताट बघून आले :) आमच्याकडे चार वाट्या आहेत, मडगावला एका प्रदर्शनात घेतलेल्या, वापरते मी, पण दोन शंका. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की एक वाटी इतकी तापते की हात लावता येत नाही आणि आतली डाळ मात्र कोमट. आणि कपाच्या आत केसासारख्या बारीक रेघा आल्यात, चहा शिरून तपकिरी दिसतात. टाकून देऊ का?

चिखलवाली

@सांजवात, वाटी तापते याचा अर्थ ती पाणी पितेय. माती भट्टीत पुरती पिकली (भाजून घट्ट झाली) नसेल तर भांड्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात, बुडाला ग्लेझ (वरचा चकचकीत थर) नसतं तिथून धुताना पाणी शिरतं, आणि मायक्रोवेव्ह डाळीआधी त्या पाण्यालाच तापवतो. घरी बघायचं असेल तर वाटी उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवा, किचनच्या काट्यावर वजन घ्या, मग दोनेक तास पाण्यात उकळा, तशीच पाण्यात गार होऊ द्या, पुसून परत वजन. ३०० ग्रॅमच्या वाटीत ५-६ ग्रॅमच्या आत वाढलं तर ठीक, २५-३० ग्रॅम वाढलं तर ती कितीही स्टोनवेअर (जास्त तापाला भाजलेलं घट्ट भांडं) म्हणून विकलेली असो, तिला मायक्रोवेव्ह दाखवू नका. लाल मातीचं कमी भाजलेलं भांडं असं पाणी पितंच, तो त्याचा दोष नाही, धर्मच आहे. माठ थंड होतो तो त्याच्यामुळेच.

रेघांना क्रेझिंग म्हणतात. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. गार होताना काच आणि खालची माती दोन्ही आटतात, पण काच जास्त आटायला बघते आणि खालचं अंग तिला आटू देत नाही, मग ती ताणून ताणून तडकते. टिंग टिंग असा आवाज येतो, भट्टी उघडल्यावर कधी कधी दोन दिवस येत राहतो, रात्री गोठ्यातून ऐकू आला की माझ्या पोटात गोळा येतो. उपाय म्हणजे ग्लेझमध्ये सिलिका वाढवणं, ते आमचं काम. तुमचा कप वजनाच्या परीक्षेत पास झाला तर खुशाल प्या, डाग तेवढा दिसेल. नापास झाला तर त्यात पेन ठेवा, कारण रेघांतून दूध-चहा आत मुरतो आणि वास धरतो.

गावठी_केमिस्ट

चांगली चर्चा. पण मुद्द्याचं कुणी विचारलं नाही ते मी विचारतो. ग्लेझमध्ये शिसं असतं का? आपल्याकडे सोलं, चिंच, व्हिनेगर, बिंबलं, सगळं आंबट. ते रंग पोटात जात नाहीत कशावरून? भांड्यातून शिसं-कॅडमियम सुटतं का हे तपासायची लॅबची पद्धत म्हणजे ४ टक्के ॲसेटिक ॲसिड भरून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवायचं आणि मग त्या द्रावात मोजायचं. आपलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर जवळपास तेवढंच आंबट असतं, म्हणजे आपण सोरपोतेल (व्हिनेगर घातलेलं डुकराचं मटण) करून ठेवतो तेव्हा रोज लॅब टेस्टच चाललेली असते.

चिखलवाली

@गावठी_केमिस्ट, बरं झालं विचारलंत, नाहीतर हे मी आपणहून सांगितलं नसतं.

शिसं मी वापरत नाही. स्टोनवेअरला १२०० डिग्रीच्या वर भाजायचं तर लागतही नाही, फेल्डस्पार, चुना, सिलिका, थोडी चिनी माती यात काम भागतं. पण शिसं नाही म्हणजे झालं असं नसतं, हे मला सोलकढीने शिकवलं.

चार वर्षांपूर्वी एक हिरवं ग्लेझ जमलं होतं, तांब्याचं, पावसानंतरच्या शेवाळासारखा रंग. खूश होते नुसती. तीस वाट्या केल्या, आठ विकल्याही. एका रात्री उरलेली सोलकढी त्यातल्याच एका वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी ओतली तर आत जिथपर्यंत सोलकढी होती तिथपर्यंत गोल रेघ. रेघेच्या वर शेवाळ, रेघेच्या खाली खडूसारखं फिकट, बोट फिरवलं तर खरखरीत. म्हणजे रंग गेला कुठे? सोलकढीत. मी तांबं जास्त घातलं होतं आणि ते धरून ठेवायला काचेत सिलिका-ॲल्युमिना पुरेसं नव्हतं, वरून भट्टीपण थोडी कमी लागली असणार. आठही जणांना फोन केले, पैसे परत दिले, एक बाई म्हणाल्या राहूदे गो आम्ही त्यात चाव्या ठेवतो, तरी परत आणली. बावीस वाट्या फोडून गोठ्याच्या दारातल्या चिखलात टाकल्या, आजही पावसात पाय ठेवला की हिरवं चमकतं.

तेव्हापासून अन्न लागतं त्या बाजूला रंगाचं ग्लेझ नाही. आत पांढरं किंवा नुसतं पारदर्शक, रंगाची हौस बाहेरून. आणि प्रत्येक नव्या ग्लेझचा तुकडा अर्धा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवते, दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्ध्या सारख्या दिसल्या पाहिजेत. ही लॅबची परीक्षा नव्हे हे कबूल, पण यात नापास झालेलं पुढे जात नाही. विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं की आतलं ग्लेझ कसलं आहे आणि आंबट चालेल का. बनवणारा गडबडला तर पुढच्या स्टॉलवर जा.

बार्देसची_सून

बापरे, सोलकढी! आता माझी कथा. नवऱ्याने वाढदिवसाला एक सुंदर निळं हंडीसारखं भांडं आणलं, स्टोनवेअर, दुकानदार म्हणाला मातीचं आहे, मातीत शिजवा, आरोग्याला चांगलं. गॅसवर ठेवलं, दहाव्या मिनिटाला फाटकन आवाज, दोन तुकडे, अर्धा किलो सुंगटांचं हुमण बर्नरमध्ये. आजीचं कुंडलें (कुंभाराकडचं मातीचं रांधायचं भांडं) मात्र चुलीवर तीस वर्षं चाललं, कसलं भाजणं नाही, ग्लेझ नाही, काळंकुट्ट. मग १२००ला भाजलेलं जास्त मजबूत कसं म्हणायचं?

कुंभारवाडा

याचं उत्तर मी देतो. कुंभाराच्या घरातला आहे, डिचोलीचाच. बाबा अजून चाकावर बसतात, मी नोकरी करतो.

कुंडलें कमी भाजलेलं असतं म्हणूनच चुलीवर टिकतं. आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) लाकूड, नारळाची सोडणं, गवत लावून फार तर ७००-८०० डिग्री मिळते. अंग भुसभुशीत राहतं, त्यात रेती असते, छिद्रं असतात. एका जागी ताप लागून चीर पडायला लागली तरी ती पुढच्या छिद्राला नाहीतर रेतीच्या कणाला जाऊन अडते. तुमच्या त्या निळ्या भांड्याचं अंग काचेसारखं घट्ट, तिथे चीर सुरू झाली की थांबायला जागाच नाही. दुसरं म्हणजे आकार. कुंडल्याचं बूड गोल असतं, कोपरा नसतो, आणि भिंत थापटून पातळ केलेली असते. चाकावरून उतरवताना ते जाडच असतं, मग आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने थापटत न्यायचं. आमच्यात बायका चाकाला हात लावत नसत, पण थापटणं, वाळवणं, डोक्यावर हारा घेऊन बाजार करणं सगळं आईचं.

आता थोडं कडू बोलतो, चिखलवाली ताईंनी राग मानू नये. बाबांचं कुंडलें म्हापशाच्या बाजारात लोक घासाघीस करून घेतात. "मातीचेंच न्हय रे, इतले पयशे?" हे मी लहानपणापासून ऐकतोय. तीच माणसं तुमच्यासारख्यांच्या कपाला साडेचारशे देतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. माती तीच, चाक तेच. मग फरक कसला, इंग्रजी बोलण्याचा?

अर्धाकप

हे लागलं राव.

चिखलवाली

@कुंभारवाडा दादा, राग कशाला मानू. पण माती तीच नाही हे आधी सांगते. तुमच्याकडची लाल माती मी आणून भट्टीत घालून बघितलीय, लोह इतकं की १२२०ला शेल्फवर पापडासारखी फुगून पसरली, शेल्फ पण गेलं. आता ती मी पातळ करून बाहेरून ग्लेझसारखी लावते, छान चॉकलेटी येते. भांड्याची माती मला गुजरातहून मागवावी लागते, थान-मोरबी पट्ट्यातून, आणि मातीपेक्षा तिचं ट्रक-भाडं टोचतं. वर भट्टी दोनदा लावायची, एकदा कच्ची भाजणी हजारच्या आसपास, मग ग्लेझ लावून परत. विजेचं बिल बघून नवरा काही बोलत नाही, फक्त ते फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवतो.

पण एवढ्याने साडेचारशे आणि तुमच्या बाबांचा भाव यातली दरी भरत नाही, हे मलाही कळतं. मी चाक शिकायला फी भरून बाहेर जाऊ शकले. मी कपावर शिक्का मारते म्हणून लोक बनवणारी कोण ते विचारतात, बाबांच्या कुंडल्याखाली शिक्का नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि यात माझं कर्तृत्व काही नाही. तुमची हरकत नसेल तर एकदा बाबांना भेटायला येऊ का? मला थापटणं येत नाही. माझं सगळं चाकावरच पातळ करायचं, त्यामुळे मोठं भांडं जमतच नाही.

कुंभारवाडा

या की. रविवारी सकाळी या, दुपारी ते झोपतात. येताना तुमची ती ताटली आणा, मी त्यांना कडेचं वाचून दाखवलं तर म्हणाले हाडूंक सांग.

म्हापसेकर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी पावसाच्या आधी पुरुमेंताच्या फेस्तांना (पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रांना) जायचं म्हणजे सुकी मासळी, मिरच्या, सोलं, आणि एक नवं गुर्गुलेट ठरलेलं. लांब मानेची मातीची पाण्याची सुरई, नाव पोर्तुगीजांचं, माती आपली. ओतताना गुर्र गुर्र वाजायचं. काजूच्या हंगामात भट्टीवर पण सगळी मातीचीच भांडी, रस उकळायचं भाण मातीचं, दारू जमते ती लवणी मातीची. नंतर भाणं तांब्याची झाली. ज्यांना जुनी भांडी बघायचीत त्यांनी बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय बघून यावं, आपल्याच आजीचं घर कुणीतरी मांडून ठेवलंय असं वाटतं.

टवाळ_१९

म्हणजे तिथे पण शोकेसच :)

इंजिनियर_बाबू

अवांतर, पण मला तांत्रिक प्रश्न आहे. गोव्यात पावसाळ्यात वाळवता कसं? आमच्याकडे टॉवेल वाळत नाही. आणि भट्टी चालू असताना वीज गेली तर?

चिखलवाली

@इंजिनियर_बाबू, वाळवत नाही, वाट बघते. एप्रिलमध्ये जी ताटली पाच दिवसांत तयार होते तिला जुलैत तीन आठवडे लागतात. पंखा लावायचा मोह होतो, पण पंख्याकडची कड आधी वाळते, ती आधी आटते आणि ताटली त्या बाजूला मान वर करते. म्हणून कडेवर प्लास्टिकची पट्टी, मधलं उघडं, रोज सकाळी चहाच्या आधी सगळ्या पाव फेरा फिरवायच्या. वाळली की नाही हे गालाला लावून बघते. गार लागली तर आत पाणी आहे. हा हिशोब चुकवून चालत नाही, कारण १०० डिग्रीला त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या १७०० पट जागा लागते. एकदा घाई केली, एक कप फुटला आणि त्याच्या चिपा बाकी चौदा कपांत. आता पावसात कच्ची भाजणी असली की भट्टी रात्रभर ८०-९०वरच ठेवते, झाकण बोटभर उघडं.

वीज गेली तर चढतीला असताना गेली तर बहुतेक वेळा वाचतं, आली की परत सुरू. उतरतीला तर भट्टी बंदच असते. सगळ्यात जपायचं ते ५७३ डिग्रीला. मातीत जे गार असतं, म्हणजे क्वार्ट्झ, ते त्या तापमानाला एकदम आपली घडी बदलतं, फुगतं किंवा आटतं. चढताना-उतरताना तिथून हळू गेलं नाही तर भांडं चिरतं. १२२०ला पोचायला मला नऊ-दहा तास, आणि गार व्हायला पूर्ण एक दिवस. उघडून बघायचा मोह त्या दिवशी आवरत नाही, म्हणून किल्ली सासूबाईंकडे.

कॅफेवाला

तुम्ही हॉटेलांना देता का? माझं छोटं कॅफे आहे. १२० ताटल्या, सगळ्या एकसारख्या, एकावर एक बसायला हव्यात. मागे एकाकडून घेतल्या होत्या, सहा महिन्यांत निम्म्यांच्या कडा टवके उडून गेल्या, पैसे वाया.

चिखलवाली

@कॅफेवाला, एकदा दिल्या होत्या एका ठिकाणी, अनुभव चांगला नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकावरून अर्ध्या परत आल्या, पैसे निम्मे, तेही वर्षाने. तेव्हापासून नमुना हातात देते, महिनाभर तुमच्या सिंकमध्ये, तुमच्या पोरांच्या हाताखाली वापरा, मग बोलू. हाताने १२० एकसारख्या होत नाहीत, एकमेकींवर बसतील अशा होतात, हा फरक मान्य असेल तरच.

टवक्यांबद्दल, कडा धारदार आणि पातळ ठेवल्या की उडतातच, बघायला नाजूक दिसतात म्हणून ठेवतात. कड वाटाण्यासारखी गोल हवी. आणि ताटल्या सिंकमध्ये उभ्या आदळतात, म्हणून बुडाची बैठक कडेपासून बरीच आत घ्या. काट्या-सुरीचे काळे ओरखडे येतील ते भांड्याचे नव्हेत, स्टीलचे, खाण्याचा सोडा लावून घासले की जातात. मॅट ग्लेझ मागू नका मात्र, त्यावर फार येतात.

सांजवात

वजन केलं. २८६ची वाटी ३१० झाली. गेली चाव्यांना.

खाष्टआजी

ही सगळी चर्चा नातवाने वाचून दाखवली. मला एक सांग चिखलवाली. पूर्वी आम्ही जाडं मीठ मातीच्या बुडकुल्यात ठेवायचो. दर पावसात ते बाहेरून पांढरं व्हायचं आणि त्याच्या खपल्या पडायच्या, दोन वर्षांत बुडकुलें गेलं. चिनी मातीच्या बरणीला तसं होत नसे. आता मला मिठाला नवं भांडं पाहिजे, प्लास्टिक नको. तुझं चालेल काय? हात आत गेला पाहिजे, मूठ वळून बाहेर आली पाहिजे. झाकण जड हवं, मांजर आहे.

चिखलवाली

@खाष्टआजी, चालेल आजी. बुडकुल्यात मिठाचं पाणी छिद्रांतून बाहेर येतं, बाहेर सुकून त्याचे खडे होतात, आणि ते खडे वाढताना मातीच्या खपल्या काढतात. पुरतं पिकलेल्या अंगात पाणी शिरतच नाही, म्हणून बरणी टिकते. तोंड ११ सेंटीमीटर ठेवते. तुमच्या मुठीचं माप नातवाला पाठवायला सांगा, मूठ मीठ धरून मोजायची, रिकामी नाही.

पोफळी

ताई, शिकायचं असेल तर कुठे? लेक बारावी झालीय, तिला यातच जायचंय म्हणते.

चिखलवाली

@पोफळी, आपल्याकडे स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या अर्ध्या लोकांची मुळं पुदुच्चेरीला जातात. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी काढली, त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य देशभर आहेत. मीही तशाच एकीकडे शिकले. मराठी मुलुखात चंद्रपूरकडे भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. पण आधी महिनाभर तिला नुसती माती मळू द्या, कुठेही. मनगटं टिकली तर पुढचं बोलू.

कुंभारवाडा

ताई येऊन गेल्या रविवारी. सांगण्यासारखं म्हणजे बाबांनी ताटली हातात घेतली, आधी उलटी केली, बूड बघितलं, मग बोटाच्या पेराने वाजवली आणि कानाशी धरली. आम्ही मडकं घेताना-देताना वाजवूनच बघतो, चिरलेलं असेल तर आवाज बसका येतो. परत वाजवली. मला म्हणाले घांटी कशी. मग ताईंना म्हणाले की बुडाच्या बैठकीला धार आहे, टेबल खरवडेल, दोन ताटल्या बुडाला बूड लावून पाणी घालून घासायच्या, एकमेकींना गुळगुळीत करतात. ताईंनी थापटायला घेतलं, तीन मडक्यांना भोकं पाडली. चौथं उभं आहे, वाकडं.

चिखलवाली

वाकडं म्हणजे चांगलंच वाकडं. आत गोटा धरलेला डावा हात आणि बाहेरचा थापीचा उजवा हात एकमेकांना बघू शकत नाहीत, नुसत्या आवाजावर एकत्र यायचं असतं, बाबा तर तेव्हा माझ्याशी गप्पा मारत होते. बैठका घासून बघितल्या, आधी मी मशीन वापरायचे.

त्यांची सात कुंडली घेऊन आलेय, त्यांनी सांगितला तो भाव, घासाघीस न करता. ज्यांना चुलीवर किंवा गॅसवर मातीत शिजवायचंय त्यांना मी आता माझ्याकडचं काही न देता हीच देणार, बाबांच्या नावाची चिठ्ठी लावून. त्यांची वापरायची रीत अशी की रात्रभर पाण्यात बुडवायचं, सकाळी त्यात पेज शिजवायची, मग पुसून आतून खोबरेल. साबण नाही, तो मातीत मुरतो आणि पुढच्या हुमणाला येतो. काथ्या आणि राख. गॅस पहिली दहा मिनिटं बारीक.

बार्देसची_सून

एक मला राखून ठेवा. मोठ्यातलं. नवऱ्याला सांगितलंय हंड्या आणायच्या नाहीत.

खाष्टआजी

माझ्या मिठाचं काय झालं गो?

चिखलवाली

आजी, काल भट्टी उघडली. बरणी छान आलीय पण झाकण बरणीला चिकटलं. काठावरचं ग्लेझ पुसायला विसरले, वितळून दोघं एक झाली, हातोडीच्या दांड्याने टकटक करून बघितलं, सुटत नाही. तुमच्या मापाची दुसरी आज चाकावर केली, हा पाऊस आणि वाळणं धरून दिवाळीनंतर मिळेल. मांजराचं वजन किती आहे ते पण कळवा.